जुन्या कॉम्प्युटरवर मेमरी ट्रेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, बुलडाणा भागातल्या गावांत सेवा केंद्र चालवणारी मंडळी, जिल्हा परिषद शाळेची संगणक खोली सांभाळणारे गुरुजी आणि अमरावती-नागपूरला इंजिनिअरिंग शिकून सुट्टीत घरी येणारी पोरं, या तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कॉम्प्युटर साधारण २ ते ४ जीबी रॅमचा, जुन्या हार्ड डिस्कचा आणि लिनक्सवर चालणारा आहे असं धरलं आहे. विंडोजवाल्यांसाठी पुढे एक वेगळा प्रश्न आहे.

मेमरी ट्रेस म्हणजे नेमकं काय?

प्रोग्राम चालू असताना प्रोसेसर मेमरीतल्या ज्या ज्या पत्त्याला हात लावतो, त्याची क्रमाने केलेली नोंद. एका ओळीत तीन गोष्टी येतात: वाचलं की लिहिलं, कोणत्या पत्त्यावर, आणि किती बाइट.

व्हर्च्युअल मेमरीचा (रॅम आणि डिस्क मिळून प्रोग्रामला दिसणाऱ्या मेमरीचा) अभ्यास करायचा असेल तर अख्खा पत्ता लागत नाही, पेजचा, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याचा, क्रमांक पुरतो. नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर एक पेज ४०९६ बाइटचं असतं. समजा नोंदीत पत्ता आला ४,०९,६०,१२३. त्याला ४०९६ ने भागा: पेज क्रमांक १०,०००, आणि त्या पेजच्या आत १२३ वा बाइट. बाकी सोडून द्यायची, १०,००० एवढंच लिहून ठेवायचं. पुढचं सगळं गणित अशा पेज क्रमांकांच्या रांगेवर चालतं.

“भाऊ, सकायी त बराबर चालते, मंग दुपारी याले काऊन असं होते?”

हा प्रश्न जून-जुलैत सगळ्यात जास्त येतो. पीक कर्जाची कागदपत्रं, विम्याचे अर्ज, सातबारा, आठ-अ, सगळं एकदमच सुरू असतं. सकाळी ब्राउझरमध्ये दोन टॅब असतात. दुपारपर्यंत टॅब वाढतात, स्कॅनरचा प्रोग्राम उघडलेला, फोटो बारीक करायचा प्रोग्राम उघडलेला, छपाईची रांग लागलेली. प्रत्येकाला लागणाऱ्या पेजांची बेरीज रॅमच्या बाहेर गेली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा मेमरी वाटणारा गाभा, काही पेजं डिस्कवर त्यासाठीच राखलेल्या जागेत, म्हणजे स्वॅपमध्ये टाकतो. मग तुम्ही टॅब बदलला की तीच परत आणावी लागतात. यालाच मोठा पेज फॉल्ट म्हणतात.

तो किती महाग पडतो ते आकड्यांत पाहा. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून एक पेज आणायला साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे लाख पट. याचा अर्थ असा, की लाख वेळा मेमरीला हात लावताना एकदाच जरी डिस्कवर जावं लागलं, तरी सरासरी वेळ दुप्पट होतो. दहा हजारांत एकदा जावं लागलं तर अकरा पट. म्हणून मशीन हळूहळू मंद होत जात नाही. बराच वेळ ठीक चालतं आणि एका टॅबसरशी अचानक अडून बसतं. एसएसडी असेल तर हा फरक हजार पटीच्या आसपास येतो, त्यामुळे त्रास खूप कमी जाणवतो, पण नाहीसा होत नाही.

ही अवस्था टोकाला गेली की प्रोसेसर रिकामा आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या ‘थ्रॅशिंग’चं कारण मांडलं, ते आजही लागू पडतं: चालू असलेल्या कामांचे वर्किंग सेट मिळून मेमरीत मावत नाहीत.

वर्किंग सेट कसा ओळखायचा?

गेल्या ठरावीक कालावधीत कामाने हात लावलेली वेगवेगळी पेजं म्हणजे त्या क्षणीचा वर्किंग सेट. कालावधी तुम्ही ठरवायचा. पेरणीच्या दिवसांत तिफण ओसरीत असते आणि डवरा गोठ्यात. पंधरा-वीस दिवसांनी डवरणी लागली की डवरा ओसरीत येतो, तिफण आत जाते. प्रोग्रामचंही असंच हंगामागणिक बदलतं. अर्ज भरताना एक संच, पीडीएफ बनवताना दुसरा, छापताना तिसरा. ट्रेसमध्ये या बदलाच्या जागा स्पष्ट दिसतात, कारण तिथे नव्या पेजांची एकदम गर्दी होते.

कालावधी फार लहान घेतला तर गरजेची पेजंही बाहेरची वाटतात. फार मोठा घेतला तर सकाळी एकदाच वापरलेलं पेजसुद्धा गरजेचं वाटतं. आमचं मत, सेवा केंद्रासारख्या कामाला एक अर्ज पूर्ण व्हायला लागणारा वेळ हाच कालावधी घ्यावा. माणसाला थांबावं लागतं ते त्याच अवधीत.

कर्नलला आधीच कळत नाही का, कोणतं पेज पुढे लागणार ते?

नाही. त्याला फक्त मागचं दिसतं, त्यावरून तो पुढचा अंदाज बांधतो. मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस मशीनवर व्हर्च्युअल मेमरी १९६२ साली सुरू झाली, तेव्हापासून ही अडचण आहे. ॲटलसमध्येही पेज वापरलं गेलं की नाही याची खूण हार्डवेअर ठेवायचं आणि त्यावरून कोणतं पेज ड्रमवर (त्या काळच्या फिरत्या चुंबकीय साठ्यावर) पाठवायचं हे ठरायचं.

ट्रेस हाती असला की आपली बाजू भक्कम होते. झालेल्या कामाची पूर्ण रांग समोर असते, म्हणजे त्या कामापुरतं भविष्य आपल्याला माहीत असतं. लास्लो बेलाडी यांनी १९६६ साली आयबीएममध्ये असताना दाखवलं, की ज्या पेजची गरज सगळ्यात उशिरा लागणार आहे ते बाहेर काढलं तर फॉल्ट कमीत कमी होतात. चालू मशीनवर ही पद्धत वापरता येत नाही. पण ट्रेसवर ती चालवून पाहिली की खालची मर्यादा कळते. आपला कर्नल त्या मर्यादेपासून किती दूर आहे, हे मोजायचा दुसरा प्रामाणिक मार्ग आम्हाला ठाऊक नाही.

कागदावर करून पाहता येईल असं उदाहरण द्या ना.

देतो, आणि खरंच कागद घेऊन बसा. चार पेजं: क, ख, ग, घ. मेमरीत जागा तीन. काम असं, की चारही पेजं ओळीने वाचायची आणि असं तीनदा करायचं: क ख ग घ, क ख ग घ, क ख ग घ. एकूण १२ वेळा हात लागला.

‘सगळ्यात जुना वापर असलेलं पेज काढा’ हा नियम, म्हणजे एलआरयू, लावा. क, ख, ग आले (पहिल्यांदा आणणं हाही फॉल्टच धरायचा). घ साठी क गेला. लगेच क हवा, म्हणून ख गेला. लगेच ख हवा, म्हणून ग गेला. बाराच्या बारा वेळा फॉल्ट.

आता बेलाडींची पद्धत. घ येताना ग काढा, कारण क आणि ख त्याच्या आधी लागणार आहेत. मग क, ख मेमरीतच सापडतात. ग येताना ख काढा. घ, क सापडतात. ख येताना क काढा, त्याची गरज संपली. ग, घ सापडतात. एकूण फॉल्ट ६.

आणि एलआरयूलाच तीनऐवजी चार जागा दिल्या तर? पहिले ४ फॉल्ट, पुढे एकही नाही. एका जागेच्या फरकाने १२ चे ४ झाले. दुपारी मशीन अचानक अडतं त्याचं मूळ इथे उघड दिसतं. मोठी फाइल पुन्हा पुन्हा पहिल्यापासून चाळणारा कोणताही प्रोग्राम, उदाहरणार्थ स्कॅन केलेल्या पानांचा गठ्ठा, असाच वागतो.

मग सरळ रॅमच वाढवली तर? एवढा खटाटोप कशाला?

पैसे असतील आणि मदरबोर्डवर जागा असेल तर वाढवा. पण किती वाढवायची, आणि वाढवून फरक पडणार का, हे आधी कळू शकतं.

१९७० साली मॅटसन, गेचेई, स्लट्झ आणि ट्रायगर या चौघांनी एक सुंदर रीत दिली. ट्रेस एकदाच वाचायचा. प्रत्येक पेज पुन्हा आलं की विचारायचं: मागच्या वेळेपासून आतापर्यंत, हे पेज धरून, किती वेगवेगळी पेजं वापरली गेली? त्या आकड्याला स्टॅक अंतर म्हणतात. वरच्या उदाहरणात पहिली फेरी सोडली तर प्रत्येक वेळी अंतर ४ आहे. म्हणून ४ किंवा जास्त जागा असतील तर पेज सापडणार, कमी असतील तर नाही. सगळी अंतरं मोजून झाली की मेमरीच्या प्रत्येक आकाराला किती फॉल्ट पडतील, त्याचा आलेख एका वाचनात तयार.

सगळा निर्णय या आलेखावर घ्यावा. रेषा ३ जीबीच्या आसपास एकदम खाली येऊन सपाट होत असेल तर २ वरून ४ वर जाणं सार्थकी लागेल, ८ वर जाऊन आणखी काही मिळणार नाही. रेषा सावकाश उतरत असेल तर रॅममध्ये घातलेल्या प्रत्येक रुपयाचा परतावा थोडाथोडाच मिळेल, आणि तेच पैसे एसएसडीत घातलेले बरे. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या तुटपुंज्या निधीतून खरेदी होते तेव्हा हा आलेख प्रस्तावाला जोडावा असं आम्हाला मनापासून वाटतं. दुकानदार सांगेल तेवढ्यावर विसंबून राहायचं कारण उरत नाही.

एक सावधानता. ही रीत एलआरयूसारख्या नियमांनाच लागू पडते. ‘आधी आलेलं आधी काढा’ या नियमात जागा वाढवून फॉल्टही वाढू शकतात. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही रांग घ्या: तीन जागांत ९ फॉल्ट, चार जागांत १०. बेलाडी आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली दाखवलेला हा प्रकार अजून परीक्षेत विचारतात. एलआरयूवर हीच रांग तीन जागांत १०, चार जागांत ८ देते.

चालू मशीनवर कर्नलला पेजचा वापर कसा कळतो?

पेज टेबलमध्ये, म्हणजे कोणतं पेज रॅममध्ये कुठे आहे याच्या यादीत, प्रत्येक पेजसाठी एक नोंद असते आणि त्यात ‘ॲक्सेस्ड’ नावाचा एक बिट असतो. प्रोसेसरने पेजला हात लावला की हार्डवेअर तो १ करतं. कर्नल मधून मधून येऊन तो ० करतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा बघतो. १ दिसला तर मधल्या काळात वापर झाला. एकदा झाला की हजारदा, ते कळत नाही. कोणत्या क्रमाने झाला तेही कळत नाही. खरा एलआरयू चालवायला प्रत्येक स्पर्शाचा क्रम ठेवावा लागेल, आणि तेवढा खर्च कोणत्याच मशीनला परवडत नाही.

आणखी एक बारकावा आहे. पेज टेबलमधून एकदा शोधलेले पत्ते प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या साठ्यात ठेवतो. पेज त्यात असेल तर बिट ० केल्यावरही काही काळ तो पुन्हा १ होणार नाही, कारण प्रोसेसर पेज टेबलकडे वळलेलाच नसतो. एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडी प्रोसेसरवर, लिनक्स एवढ्यासाठी टीएलबी रिकामी करत बसत नाही. चूक थोडी आणि वेग मोठा, हा सौदा जाणूनबुजून केलेला आहे.

नोंद घ्यायला कोणतं साधन वापरू?

काय शोधायचं आहे त्यावर ठरवा.

प्रत्येक स्पर्श हवा असेल तर व्हॅलग्राइंड या प्रोग्राम तपासायच्या संचातलं लॅकी. त्याचा मेमरी ट्रेसचा पर्याय चालू केला की प्रोसेसरला दिलेल्या प्रत्येक सूचनेसाठी आणि डेटासाठी एक ओळ पडते: सूचना आणली तर ‘आय’, वाचलं तर ‘एल’, लिहिलं तर ‘एस’, वाचून त्याच जागी लिहिलं तर ‘एम’, पुढे पत्ता आणि बाइट. शिकण्यासाठी याच्याइतकं स्वच्छ साधन नाही. मात्र प्रोग्राम कितीतरी पट मंद होतो. लहान सी प्रोग्रामवर वापरा. त्याखाली अख्खा ब्राउझर चालवून अर्ज भरायला बसू नका, पोर्टलचं सत्र आधी संपेल. शिवाय कर्नल स्वतः मेमरीला लावतो ते हात यात येत नाहीत, आणि बाजूला चालणारे दुसरे प्रोग्रामही येत नाहीत.

वेग न गमावता नमुना हवा असेल तर लिनक्सचं परफ हे साधन. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत अधूनमधून एखादा मेमरी स्पर्श पकडून त्याचा पत्ता देण्याची सोय असते, परफ ती वापरतं. जुन्या किंवा स्वस्त प्रोसेसरवर ही सोय अपुरी असू शकते.

अख्ख्या मशीनचं चित्र हवं असेल तर, आणि सेवा केंद्रासाठी तेच हवं असतं, डेमन (DAMON) हा कर्नलमधलाच भाग. ते लिनक्स ५.१५ मध्ये, २०२१ साली आलं. मेमरीचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यातलं एकच पेज तपासायचं आणि बाकीची तशीच वागत असतील असं धरायचं, ही त्याची युक्ती. वागणूक सारखी निघाली तर शेजारचे पट्टे तो जोडतो, आणि पट्टे पुन्हा तोडून फरक आहे का ते पाहत राहतो. ठरलेल्या मूल्यांत दर ५ मिलिसेकंदांना तपासणी आणि दर १०० मिलिसेकंदांना बेरीज, म्हणजे एका बेरजेत २० तपासण्या. पट्टे कमीत कमी १०, जास्तीत जास्त १०००. मेमरी कितीही मोठी असली तरी खर्चाला वरची मर्यादा राहते, हे त्याचं मोठेपण. तुमच्या कर्नलमध्ये ते चालू करून बांधलेलं आहे का, एवढं आधी पाहा.

याहून साधं काही हवं असेल तर व्हीएमस्टॅट ही आज्ञा दर सेकंदाला चालवा आणि ‘एसआय’, ‘एसओ’ हे दोन रकाने पाहा. स्वॅपमधून आत आणि स्वॅपकडे बाहेर. स्वॅप चालू असून दोन्ही सतत शून्य असतील तर तुमचा त्रास बहुधा मेमरीचा नाही, नेटचा किंवा पोर्टलचा असेल. ट्रेसच्या मागे लागण्याआधी हे पाहणं आम्ही सक्तीचं मानतो.

ट्रेसची फाइल डिस्कच भरून टाकते. काय करू?

ओळीला १६ बाइट धरले तर १०० कोटी स्पर्शांचे १६ जीबी होतात, आणि प्रोसेसरला एवढे स्पर्श करायला काही क्षण लागतात. म्हणून कच्चा ट्रेस साठवूच नका. पत्त्याचा पेज क्रमांक करा आणि लागोपाठ तेच पेज आलं तर एकदाच लिहा. प्रोग्राम एका पेजवर बराच वेळ रमतो, त्यामुळे एवढ्यानेच फाइल खूप उतरते. एलआरयूच्या फॉल्टांत यामुळे एकाचाही फरक पडत नाही, कारण लागोपाठचा दुसरा स्पर्श कधीच फॉल्ट नसतो. उरलेलं जीझिप या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्राममधून थेट काढा. आणि फाइल शक्यतो बाहेरच्या डिस्कवर लिहा. स्वॅप आणि ट्रेस एकाच हार्ड डिस्कवर भांडू लागले तर मोजमापाचा अर्थच जातो.

मे महिन्यात घेतलेली नोंद चालेल का?

पत्र्याच्या खोलीत, बाहेर पंचेचाळीस अंश असताना प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. लॅकीसारख्या साधनाला त्याचा फरक पडत नाही, कारण तिथे क्रम महत्त्वाचा, घड्याळ नाही. डेमनला पडतो, ते घड्याळावर चालतं. मंद प्रोसेसर १०० मिलिसेकंदांत कमी पेजांना हात लावेल आणि वर्किंग सेट आहे त्याहून लहान दिसेल. नोंद सकाळी घ्या, किंवा प्रोसेसरचा वेग सोबत लिहून ठेवा.

तेच काम दोनदा केलं तर पत्ते वेगळे का येतात?

सुरक्षिततेसाठी लिनक्स प्रत्येक वेळी प्रोग्रामचे भाग वेगळ्या पत्त्यांवर बसवतो. लहान प्रोग्रामसाठी ही सरमिसळ सेटआर्क ही आज्ञा वापरून बंद करता येते. ब्राउझरसाठी बंद करू नका. त्याऐवजी पत्ता कोणत्या भागातला (स्टॅक, हीप, कोणती लायब्ररी) आणि त्या भागाच्या सुरुवातीपासून कितवं पेज, असं लिहा. दोन नोंदी मग जुळतात.

अर्जदारांचे आधार क्रमांक ट्रेसमध्ये जातात का?

ट्रेसमध्ये पत्ते असतात, त्या पत्त्यावर काय लिहिलं होतं ते नसतं. तरीही पत्त्यांच्या क्रमावरून काय काम चाललं होतं याचा अंदाज बांधता येतो, म्हणून लोकांचे खरे अर्ज भरताना नोंद घेऊ नये. खोटी माहिती भरलेला नमुना अर्ज घ्या, स्वतःचाच फोटो स्कॅन करा. दुसऱ्याच्या कागदावर प्रयोग करायचा हक्क आपल्याला नाही.

खरी जोखीम स्वॅपची आहे. त्यात पेजांचा मजकूर जसाच्या तसा डिस्कवर जातो. जुनी हार्ड डिस्क विकताना स्वॅपचा भाग पुसल्याशिवाय देऊ नका. कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) स्वॅप वापरलं तर आणखी चांगलं.

लाइट गेली तर स्वॅपमध्ये गेलेलं काम वाचतं का?

नाही. मजकूर डिस्कवर राहतो, पण कोणतं पेज कोणत्या प्रोग्रामचं हा हिशेब रॅममध्ये होता, तो गेला. स्वॅप म्हणजे सेव्ह केलेलं काम नव्हे. भारनियमनाच्या वेळा पाहूनच लांबलचक नोंद सुरू करा.

नोंद झाली. आता मशीनमध्ये बदलायचं काय?

पहिलं झेडरॅम. रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून वापरायचा, पण त्यात पेजं दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, ठेवायची. लिनक्समध्ये ते २०१४ पासून पूर्णपणे आहे. हार्ड डिस्कच्या १० मिलिसेकंदांऐवजी पेज उलगडायला काही मायक्रोसेकंद लागतात. मजकूर आणि ब्राउझरचा नेहमीचा डेटा चांगला दाबला जातो, आधीच दाबलेले फोटो मात्र नाही. ट्रेसमध्ये थंड, म्हणजे बराच वेळ हात न लागलेली, पेजं पुष्कळ दिसत असतील तर झेडरॅमचा फायदा नक्की. सगळीच पेजं तापलेली असतील, तर त्यांना दाबत आणि उलगडत बसण्यात प्रोसेसरच दमेल.

दुसरं स्वॅपिनेस, म्हणजे पेजं स्वॅपमध्ये टाकायकडे कर्नलचा कल किती असावा ते ठरवणारा आकडा. मूळ मूल्य ६०. नेटवर सगळे ‘१० करा’ सांगतात. हार्ड डिस्कवर स्वॅप असेल तर त्यात तथ्य आहे, झेडरॅमवर मात्र हा सल्ला उलटा पडतो. लिनक्स ५.८ पासून हे मूल्य २०० पर्यंत नेता येतं, ते अशाच वेगवान स्वॅपसाठी. ट्रेस न पाहता दुसऱ्याचा आकडा उचलू नये, याचं हे चांगलं उदाहरण.

तिसरं एमजीएलआरयू. पूर्वी कर्नल पेजांच्या दोन याद्या ठेवायचा, सक्रिय आणि निष्क्रिय. लिनक्स ६.१ मध्ये, डिसेंबर २०२२ ला, पेजांच्या पिढ्या करण्याची ही नवी पद्धत आली. पेजचं वय बारकाईने कळतं आणि शोधायचा खर्च कमी होतो. गूगलने आपल्या मशीनांवर पेजं परत मिळवणाऱ्या कर्नलच्या कामाचा प्रोसेसर खर्च ४० टक्के घटल्याचं सांगितलं होतं. कमी रॅमवाल्यांसाठी त्यात एक खास सोय आहे: शेवटच्या अमुक मिलिसेकंदांतला वर्किंग सेट बाहेर काढायचाच नाही, असं सांगता येतं. १००० ठेवून पाहा. तेवढं मावलंच नाही तर कर्नल एखादा प्रोग्राम बंद करतो. अर्धा तास अडलेल्या मशीनपेक्षा बंद झालेला एक टॅब आम्हाला परवडतो.

मोठी, म्हणजे २ एमबीची पेजं २ जीबीच्या मशीनवर जपून वापरा. एका मोठ्या पेजमध्ये ५१२ साधी पेजं असतात. ट्रेसमध्ये त्यातल्या दहा-वीसांनाच हात लागलेला दिसला तर बाकीची जागा फुकट अडलेली आहे.

प्रोग्राम आपणच लिहिला असेल तर?

मग सगळ्यात मोठा फायदा तिथेच आहे. सी मध्ये १०२४ ओळी आणि १०२४ रकान्यांचा तक्ता घ्या, प्रत्येक आकडा ४ बाइट, सुरुवात पेजच्या हद्दीवर. एक ओळ बरोबर एका पेजमध्ये बसते. ओळीने बेरीज केली तर पेज १०२४ वेळा बदलतं. रकान्याने केली तर प्रत्येक आकड्याला बदलतं, म्हणजे १०,४८,५७६ वेळा. जागा १००० पेजांची आणि नियम एलआरयू असेल, तर पहिल्या रीतीत १०२४ फॉल्ट आणि दुसऱ्या रीतीत प्रत्येक आकड्याला एक. उत्तर तेच, बेरीज तीच, फक्त दोन लूपची अदलाबदल.

आजच्या रॅममध्ये हा ४ एमबीचा तक्ता सहज मावतो, पण टीएलबीत एवढ्या पेजांची जागा सगळ्याच प्रोसेसरांवर नसते, त्यामुळे फरक तरीही जाणवतो. लॅकीच्या नोंदीवरून आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर पेज क्रमांक असा आलेख काढा. पहिल्यात जिना दिसेल, दुसऱ्यात दाट रेघोट्यांचा पट्टा. हॅटफिल्ड आणि जेराल्ड यांनी १९७१ साली अशाच आलेखांवरून प्रोग्रामचे भाग पेजांत नव्याने मांडून फॉल्ट कमी केले होते. शाळा-कॉलेजच्या प्रकल्पासाठी याहून चांगला विषय सुचत नाही.

विंडोज आहे हो आमच्याकडे.

रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’ प्रति सेकंद पाहा. तोच डिस्कवरचा फेरा. रॅममॅप आणि व्हीएममॅप ही मायक्रोसॉफ्टची मोफत साधनं पेजांचा हिशेब दाखवतात. विंडोज १० पासून मेमरी दाबून ठेवण्याची सोय आधीच चालू असते.

जगभर इतके ट्रेस उपलब्ध आहेत. आपल्या गावच्या मशीनचा घेऊन काय होणार?

संशोधनात वापरले जाणारे बहुतेक ट्रेस सर्व्हरचे किंवा ठरावीक बेंचमार्क प्रोग्रामांचे असतात. आपलं काम त्यांत नाही. एकाच मशीनवर ब्राउझरमध्ये देवनागरी अर्ज, जोडाक्षरं जुळवण्यासाठी चाळावी लागणारी फॉन्टची कोष्टकं, स्कॅनर, फोटोचा आकार कमी करणं, पीडीएफ, छपाई, आणि पुढच्या माणसाला हे सगळं पहिल्यापासून. वरच्या क-ख-ग-घ सारखी मोठी फेरी, दर अर्जाला एकदा. एलआरयूला अडचणीत आणणारा हाच आकृतिबंध. २ जीबीवर तो कसा वागतो हे कर्नल लिहिणाऱ्याला कळावं तर आधी कुणीतरी मोजलेलं हवं, आणि ते मशीन ज्याच्या टेबलावर आहे त्यालाच मोजता येईल. खेड्यातल्या माणसाचा अर्ज वेळेत भरला जाणं ज्या मशीनवर अवलंबून आहे, त्याचं मोजमाप कुठेच नसावं हे आम्हाला मान्य नाही.

नोंदीसोबत काय काय लिहून पाठवू?

रॅम किती, डिस्क फिरती की एसएसडी, स्वॅप किती आणि झेडरॅम चालू आहे का, कर्नलची आवृत्ती, एमजीएलआरयू चालू की बंद, स्वॅपिनेसचं मूल्य, प्रोसेसरचं नाव, पेजचा आकार. साधन कोणतं आणि तपासणीचा अवधी किती. मग कामाचं वर्णन साध्या मराठीत, मिनिटागणिक: कधी ब्राउझर उघडला, कितवा टॅब, कधी स्कॅन केलं, कधी छापलं, आणि कोणत्या मिनिटाला पडद्यावरचा बाण हलेनासा झाला. हे शेवटचं आवर्जून लिहा. आलेखात नेमकं तिथेच पाहायचं असतं.